ताईचं वर्षाला किती?

लग्न जमवताना मुलीचा पगार महिन्याचा विचारतात. मुलगा कंपनीत असेल तर त्याचा वर्षाचा विचारतात आणि त्याला पॅकेज म्हणतात. आजकाल मुलीचंही पॅकेज विचारायला लागलेत. तासाचा पगार मात्र कुणी विचारत नाही, आणि माझ्या ताईला तो तासावरच मिळायचा. त्यामुळे फोनवर कुणी "मुलीचं किती?" असं विचारलं की आमच्या घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

ताई वर्ध्यातल्या एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. एम.ए., बी.एड. नेमणूक तासिका तत्त्वावर. एका तासिकेचे तीनशे रुपये. आठवड्याला बारा तासिका वाट्याला येतात. परीक्षा आली की तासिका बंद, दिवाळीत बंद, उन्हाळ्यात बंद. जून आला की पुन्हा नव्याने अर्ज करायचा आणि बोलावणं येईल म्हणून थांबायचं. उत्तरपत्रिका तपासणं, पाठाची तयारी, सहलीच्या दिवशी पोरं मोजत उन्हात उभं राहणं, हे कोणत्याच तासात बसत नाही. म्हणून त्याचे पैसेही नाहीत.

पगाराचे दर एका मापातून दुसऱ्या मापात बदलणं हे तर माझं रोजचं काम. मी पगारपत्रकं तयार करून देणाऱ्या एका ऑफिसात आहे. ठेकेदार कारखान्यांना, दवाखान्यांना माणसं पुरवतात. त्या माणसांची हजेरी आमच्याकडे येते आणि आम्ही त्यांचा पगार काढतो. कुणाचा दर महिन्याचा, कुणाचा रोजाचा, कुणाचा तासाचा. सगळ्यांना एका ओळीत आणायचं तर गुणाकार-भागाकार आलेच. लागले त्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की भागाकार वाटतो तितका साधा नाही. गैरहजेरीचे पैसे कापायचे असले की महिन्याचा पगार सव्विसाने भागायचा, म्हणजे दिवस महाग होतो आणि कपात मोठी निघते. जादा दिवस भरल्याचे पैसे द्यायचे असले की तोच पगार तिसाने भागायचा. आता तोच दिवस स्वस्त! मी सरांना म्हटलं, "एका माणसाच्या एका दिवसाला दोन किमती कशा?"

"मॅडम, हे गणित आहे, मोर्चा नाही."

"गणित आहे म्हणूनच विचारते सर."

आठवडाभर मी तेच विचारत राहिले. शेवटी कंटाळून ते म्हणाले, नव्या ठेक्यांत दोन्हीकडे एकच आकडा ठेवू. जुने तसेच चालू आहेत. त्यांच्यासाठी मी अजून विचारते आहे.

हा हट्ट घरातून आला. बाबा सरकारी कचेरीत क्लार्क होते, आणि नोकरीइतकंच संघटनेचं काम करायचे. पत्रकं तेच लिहायचे. वर्ध्यालगतच्या नालवाडीतल्या आमच्या घरात दिवाणाखाली गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे गठ्ठे असत. फळीवर डब्यांखाली पत्रक, पेरू कापायला पत्रक. मी जोडाक्षरं शिकले ती 'न्याय्य' आणि 'हक्क' यांच्यावर. ताईने त्याच कागदांच्या कोऱ्या पाठीवर नकाशे काढले. आम्ही दोघी एकाच गठ्ठ्यावर वाढलो, पण मी पुढची बाजू वाचली आणि तिने मागची वापरली. बाबांच्या प्रत्येक पत्रकात कुठे ना कुठे एक वाक्य असायचंच: दिवस आठ तासांचा, त्याहून जास्त राबवाल तर मोबदला द्या. ते वाक्य आमच्या नात्यातल्या सगळ्यांना पाठ होतं. गिरडकडच्या मामालासुद्धा.

स्थळ मामानेच आणलं. मुलगा वर्ध्याहून तासाभरावरच्या बुटीबोरीच्या एका कंपनीत सुपरवायझर, घरची शेती आर्वी तालुक्यात, रोहण्याला. त्याआधीची स्थळं "तासिकेवर आहे" म्हटलं की थंड पडायची. एकाने तर विचारलं होतं, "म्हणजे शिकवणी घेते का?" या मुलाने तसलं काही विचारलं नाही. महिनाभर दोघं फोनवर बोलले. मग बसस्टँडजवळ चहाला भेटले. ताई घरी आली आणि आल्या आल्या मला म्हणाली, "त्यानं विचारलं, भूगोल शिकवताना पोरांना सगळ्यात अवघड काय जातं."

"मग?"

"मग काय. मी अर्धा तास वारे समजावून सांगत बसले. चहा थंड झाला त्याचा."

तिला पाच वर्षांत असं कुणीच विचारलं नव्हतं. घरच्यांनी नाही, प्राचार्यांनी नाही आणि, खरं सांगायचं तर, मीही नाही. मी फक्त तिच्या दराबद्दल भांडत आले. त्या संध्याकाळी कुणी मागितला नसताना ताईने सगळ्यांसाठी दोनदा चहा केला. तेव्हाच मला कळलं की हे स्थळ जमावं असं तिला मनापासून वाटतंय.

पुढच्या रविवारी मामा तुरीच्या शेंगांची थैली घेऊन आला. थैली ठेवायच्या आतच म्हणाला, "सांगून देल्लं!"

"काय सांगून देल्लं?" आईने विचारलं.

"पॅकेज. पोराच्या बापाचा फोन आल्ता. इचारून राह्यला, पोरीचं वर्षाले किती? म्या म्हटलं, साडेआठ लाखाच्या वर जाते, कमी नाई."

आईने त्याच्या हातातून घेतलेली थैली खाली ठेवली. मी म्हटलं, "मामा, कुठून काढले एवढे?"

"कुठून म्हणजे? तासाले तीनशे. आठ तासाचे चोवीसशे. महिन्याचे झाले बहात्तर हजार. त्याले बारानं गुण. मोबाइलवर गुणलं बाप्पा, चुकन कसं?"

"अरे पण ती दिवसाला आठ तास कुठं शिकवते?"

"मंग दिवस कायचा तो?" मामा खरंच चकित झाला होता. "माह्या वावरात बाई आठ तास राबते तवा तिचा रोज पडते. अन् हे तुहे बाबा काय सांगत आले जिंदगीभर? आठ तासाचा दिवस! काहो भाऊजी, म्या गलत गुणलं काय?"

बाबांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर धरला.

मामा खोटं बोलला नव्हता, हे मला त्याही रागात दिसत होतं. तो रोजाने माणसं लावतो. रोज माहीत असला की तास कळतो, तास माहीत असला की रोज कळतो, हे त्याचं रोजचं गणित. त्याच्या हिशेबात तुटका दिवस नाही. पाऊस आला तर काम नाही, पण काम असलं तर ते दिवसभराचं. कुणी शिकलेल्या मुलीला सकाळी दोन तासांसाठी बोलावेल आणि मग घरी जा म्हणेल, हे त्याच्या कल्पनेतही नव्हतं.

मी तिथेच हिशेब मांडला. आठवड्याच्या बारा तासिका म्हणजे छत्तीसशे. वर्षात शिकवण्याचे आठवडे तीस धरले तर एक लाख आठ हजार. बाराने भागले की महिन्याला नऊ हजार.

"नऊ?" आई म्हणाली.

तिने कधी असा भागाकार केलाच नव्हता. ताईचे पैसे दोन-तीन महिन्यांचे एकदम यायचे, आणि एकदम आलेली रक्कम मोठी दिसते. त्या पैशांतून आईने फ्रिज घेतला होता. त्याच पैशांचे बारा तुकडे करून मी तिच्यापुढे ठेवले तेव्हा तिचा चेहरा पडला.

मामा उठून उभा राहिला. "फोन करू काय? आत्ताच सांगतो, गलती झाली म्हणून."

"थांब ना," आई म्हणाली. "येत्या रविवारी येऊनच राह्यले ते. आधी पोरगी तं पाहू दे. पसंत पडली का मंग सांगू हळूच."

मी उसळलेच. "म्हणजे आधी फसवायचं आणि नंतर हळूच सांगायचं? आणि मुळात तिला दर लावून विचारायचा यांना हक्क काय? ही काय..."

"तू बस," ताई दारातून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कुणालाच कळलं नव्हतं. "फोन कुणी करायचा नाई. मामा सांगायला जाईल अन् तिकडं अजून काहीतरी गुणून ठेवतील. ते आले की मी सांगीन."

"त्याच्यासमोर?" मी विचारलं.

"त्याच्या, त्याच्या आई-बाबांच्या, सगळ्यांच्या समोर. अन् तू मध्ये बोलायचं नाही. तू बोलली की त्याचं पत्रक होते."

"मग पत्रकात चूक काय असते?"

"काहीच नाई. लोक वाचतात अन् घडी करून खिशात ठेवतात. मले उत्तर पाहिजे."



रविवारी ते आले, मुलगा आणि त्याचे आई-वडील. आईने कोथिंबीर भरून सांबारवड्या केल्या होत्या. वडील मोकळ्या स्वभावाचे. दारातूनच मामाला म्हणाले, "तुमची भाची तं आमच्या पोराच्या पुढं निंगाली! त्याचं सहा लाखाचं पॅकेज, अन् इचं साडेआठ. आता घरात कोनाचं चालन, सांगा!" मामा खालमानेने हसल्यासारखं करत चपला सरळ करत राहिला. मुलगा अवघडला होता. तो हळूच म्हणाला, "मला तर गाडीतच कळलं हे. आम्ही कधी पगाराचं बोललोच नाही."

त्याच्या आईने मात्र सगळा विचार करून ठेवला होता. दोघांचा पगार दाखवला की कर्ज मिळतं, असं तिने चौकशी करून घेतलं होतं. बुटीबोरीला एक फ्लॅटही बघून ठेवला होता. "दोन खोल्या अन् गॅलरी," ती माझ्या आईला सांगत होती. "भाड्याच्या घरात पोरगं तीन वर्षं राह्यलं. आता डोक्यावर हक्काचं छप्पर पाहिजे, नाई का?" आई मान हलवत होती. तिचं लक्ष ताईकडे.

ताईने सांबारवड्यांचा ट्रे ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"काका, साडेआठ लाख नाही. माझे वर्षाला एक लाख आठ हजार होतात."

मामा लगेच पुढे झाला. "गलती माही हाय. पोरीची नाई, घरच्यांची नाई. म्या तासाले आठानं गुणलं. मले वाटलं..."

"आठानं गुणलं?" मुलाचे वडील म्हणाले. "मंग बरोबरच तं हाय. मी बी आठानंच गुणलं असतं." आणि ते ताईकडे वळले. "मंग दिवसाले किती तास भेटतात तुले, बेटा?"

"कधी दोन, कधी चार. आठवड्यातले चार दिवस. आणि वर्षातले तीसेक आठवडे."

त्यांनी बोटांवर काही धरून पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांच्या बायकोने धरून ठेवलं. "म्हणजे महिन्याचे किती?"

"नऊ हजार."

मला वाटलं आता आवाज चढेल. मी त्यासाठी तयार होते. पण ती बाई ताईकडे बघत राहिली आणि मग इतक्या मायेने बोलली की त्याची तयारी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. "नऊ हजारासाठी बुटीबोरीहून वर्ध्याले येजा करशीन? अव माय, गाडीभाड्यातच जाईन सगळं. लग्न झालं का सोडून देजो. आमचं काही म्हणणं नाई. बिनपगाराची सून का सून नसते?"

होकारच होता तो एका अर्थाने. आईचा चेहरा उजळला. मामाने श्वास सोडला. फक्त ताईचा रंग उतरला. रागावलेल्या माणसाला उत्तर देणं सोपं असतं. ही बाई तर तिला मोकळं करत होती, आणि तेही माझ्याच भागाकाराचा आधार घेऊन. तासाचे तीनशे म्हटलं तर निदान कामाला किंमत आहे असं वाटतं. महिन्याचे नऊ हजार म्हटलं की तेच काम सोडून देण्यासारखं दिसतं. माझ्या तोंडात शब्द येऊन थांबले होते. ताईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी गिळले.

"काकू, मी सोडणार नाही," ताई म्हणाली. "मला शिकवायचंय. आणि एकदा जूनमध्ये अर्ज केला नाही की ती जागा गेली, पुन्हा मिळत नाही. नऊ हजार कमी आहेत, ते मलाही माहीत आहे. फ्लॅटचं कर्ज त्याच्यावर मिळणार नाही. तुम्ही आधी विचार करा. आम्ही वाईट नाही मानणार."

ती 'आम्ही' म्हणाली, पण वाईट वाटणार होतं तिलाच, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा मुलगा बोलला. "आई, माझे महिन्याला किती येतात, माहीत आहे तुला?"

"सहा लाख. बारानं भाग. पन्नास हजार."

"सदतीस."

"मंग वरचे तेरा कोन घेते रे?" वडील ताडकन म्हणाले.

मुलाने माझ्याकडे बोट केलं. "या पगाराचंच काम करतात ना, त्यांना विचारा."

बोलायची मनाई उठली असं मी धरलं. सांगितलं, की पॅकेजच्या आकड्यात तुमच्या मुलाच्या भविष्य निर्वाह निधीत कंपनी घालते तो वाटा असतो, आणि त्याचा स्वतःचा तर पगारातूनच जातो. पाच वर्षं टिकला तरच मिळेल अशी ग्रॅच्युइटी आजच मोजलेली असते. विम्याचा हप्ता असतो. वर्षाअखेर काम बघून द्यायचं बक्षीस असतं, ते दिलं तर दिलं. हे सगळं मिळून सहा लाख होतात. हातात येतात ते वेगळे.

वडील माझ्याकडे, मग मुलाकडे, मग मामाकडे बघत राहिले. "म्हणजे आम्ही बी तुमच्यासारखंच सांगून देल्लं म्हना की!" ते मामाच्या पाठीवर थाप मारून हसले आणि मामाही हसला, त्या दिवशी पहिल्यांदाच. सांबारवड्या गार झाल्या होत्या, तरी संपल्या.

त्याची आई हसली नाही. तिला मी दोष देत नाही. तिने मनात सदतीस आणि नऊ यांची बेरीज केली असणार, आणि त्या बेरजेत गॅलरी बसत नव्हती. निघताना ती आईला म्हणाली, "कळवतो." आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

ते गेल्यावर बाबा अंगणात उभे होते. मी कपबशा उचलायला गेले तेव्हा म्हणाले, "आम्ही आठ तासांचा दिवस मागितला. नऊ नको, दहा नको, आठ. त्याच्यासाठी किती कागद काळे केले. पण दिवसच देणार नाहीत, नुसते सुटे तास देतील, हे कोणाच्या डोक्यात आलं नाई."

मी आयुष्यभर ज्यांची वाक्यं पाठ केली ते बाबा असं बोलले तेव्हा मला त्यांच्याशी भांडावंसं वाटलं. पण काय म्हणून भांडणार? मी रोज हेच करते. तासाला आठाने गुणायचं, दिवसाला सव्विसाने. दर वेळी त्या गुणाकारात एक गोष्ट आपण धरून चालतो, की माणसाला उद्याही बोलावतील. मामाने तेच धरलं. मुलाच्या कंपनीने उलटं केलं, पाच वर्षांनंतरचा दिवसही आजच्या आकड्यात घालून टाकला. आकडे दोन्हीकडे बरोबर होते. खात्री मात्र कुठेच नव्हती. ऑफिसात मी सव्वीस की तीस यावर भांडत होते आणि तेही भांडायलाच हवं, पण ज्यांना सव्वीसही मिळत नाहीत अशी माझ्याच घरातली एक बाई मी कधी त्या ओळीत ठेवली नव्हती.

पुढचा आठवडा आई कुणाशी धड बोलली नाही. मामा रोज फोन करायचा. "आला काय त्यायचा फोन?" नाही म्हटलं की म्हणायचा, "माह्यामुळंच झालं," आणि मग ताईशी बोलायला मागायचा. ताई दर वेळी त्याला तुरीचा भाव विचारून विषय बदलायची. कॉलेजला वेळेवर जायची. घरी आली की उत्तरपत्रिका घेऊन बसायची. एकदा मी म्हटलं, "तू त्याला स्वतः फोन का करत नाहीस?"

"माझं उत्तर देऊन झालं. आता त्याचं येऊ दे."

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. मोठ्यांना नाही, ताईलाच. ती बोलत बोलत फाटकापाशी गेली. आई खिडकीतून बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. मला तुकडे ऐकू येत होते. "सोमवार, मंगळवार... नाही, बुधवारी नसते... हो, पहिली आठला." मग बराच वेळ नुसतं हं, हं. एकदा ती म्हणाली, "आणि काकू?" त्यावर तिकडून लांबलचक काही आलं आणि ती ऐकत राहिली.

आत आली ती सरळ माठाकडे गेली. पाणी प्यायली. आईला राहवलं नाही. "काय म्हणते?"

"त्याची आई अजून रागावलेली आहे. फ्लॅटसाठी. तो म्हणाला, वेळ लागेल तिला, पण बोलते आहे."

"अन् तो?"

"तो वाटेत सेलूला भाड्याची खोली बघतोय, आम्हा दोघांना. बुटीबोरीहून आठची तासिका गाठता येत नाही, त्यानं गाडीच्या वेळा काढल्या सगळ्या."

"सेलूले?" आई म्हणाली. "म्हणजे ना तुह्या कामाचं गाव, ना त्याच्या."

"मला जवळ पडेल. त्याला लांब," ताई म्हणाली आणि ग्लास विसळून पालथा घातला. "मी म्हटलं त्याला तसं. तो म्हणाला, मोजलंय."